पिव्होट (डेटाबेस)

टेबलात एकाखाली एक ओळींनी साठवलेली माहिती बेरजेसह आडव्या तक्त्यात फिरवण्याची क्रिया. खानदेशातल्या आडत दुकानात रोजकीर्दीवरून खतावणी करतात, तिच्याशी हिचे नाते जवळचे: नोंद होते व्यवहार घडेल तशी, पाहायची असते नावानिशी.

कापसाच्या आवकेचे टेबल घ्या. त्यात तारीख, बाजार आणि क्विंटल असे तीन कॉलम. रोज जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तीन ओळी. पिव्होट केल्यावर दिवसाला एकच ओळ उरते आणि तिन्ही बाजार शेजारी-शेजारी येतात.

प्रत्येक डेटाबेसची तऱ्हा मात्र वेगळी. अडचणीचे मूळ असे, की निकालात कोणते कॉलम असतील हे एसक्यूएलला (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेला) सहसा माहिती वाचण्याआधीच ठाऊक असावे लागते. एसक्यूएल सर्व्हरच्या २००५ च्या आवृत्तीत आणि ओरॅकल ११जी मध्ये (२००७) ‘पिव्होट’ हा खास शब्द आला, तरी बाजारांची नावे हाताने लिहावीच लागतात. उद्या चोपड्याची आवक नोंदवली, तर ती तक्त्यात आपोआप येत नाही. शिवाय उरलेला प्रत्येक कॉलम गट पाडायला धरला जातो. पावती क्रमांक वगळायचा राहिला, की दिवसागणिक नव्हे, पावतीगणिक ओळ मिळते.

मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटमध्ये असा शब्द नाही. तिथे ‘ग्रुप बाय’ लावून (म्हणजे गट पाडून) प्रत्येक बाजारासाठी ‘सम’ (बेरीज) व ‘केस’ (अट) लिहितात. लांबलचक खरे, पण ही रीत जवळपास सगळीकडे चालते. बाजार मोजकेच असतील तर हीच घ्यावी.

पोस्टग्रेसमध्ये ‘टेबलफंक’ विस्तारातले ‘क्रॉसटॅब’ आहे, आणि तिथे फार जपायला हवे. त्याचा एकाच क्वेरीचा (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचा) प्रकार मथळा न पाहता डावीकडून आकडे भरत जातो. धुळ्याचा बाजार बंद असल्याने त्या दिवशी धुळ्याची ओळच नसेल, तर नंदुरबारचे क्विंटल धुळ्याखाली जाऊन बसतात. इशारा मिळत नाही. बाजारांची यादी दुसऱ्या क्वेरीने दिली, की धुळ्याची जागा रिकामी राहते. ९.४ आवृत्तीपासून ‘फिल्टर’ (बेरजेला लावायची अट) वापरूनही हा धोका टळतो.

ॲक्सेसचे ‘ट्रान्सफॉर्म’ आणि डकडीबीचे ‘पिव्होट’ कॉलमची नावे माहितीतूनच काढतात.

उलट क्रिया म्हणजे ‘अनपिव्होट’. एसक्यूएल सर्व्हर त्यात रिकाम्या जागा गाळतो. ओरॅकलही गाळतो, पण ‘इन्क्लूड नल्स’ लिहिले तर धुळ्याचा तो बंद दिवस ओळीच्या रूपाने टिकतो.