अग्निसुरक्षा शिक्षण, मुलांचे (हिवाळी सुट्टीतील)

घरात आग लागू नये म्हणून काय टाळावे आणि लागलीच तर बाहेर कसे पडावे, याचे मुलांना घरातच, सुट्टीच्या दिवसांत दिले जाणारे प्रात्यक्षिक शिक्षण. शाळेतल्या अग्निकवायतीपेक्षा ते वेगळे आहे. शाळेत शिक्षक रांग लावून मुलांना बाहेर नेतात. घरात मात्र रात्री दोन वाजता मूल अंधाऱ्या खोलीत एकटे असू शकते. म्हणून यात माहितीपेक्षा सवयीला महत्त्व असते.

उत्तर गोलार्धात ही सुट्टी डिसेंबर-जानेवारीत, तर दक्षिण गोलार्धात जून-जुलैत येते. धोक्याची कारणे दोन्हीकडे जवळपास सारखी आहेत. खोली उबदार ठेवण्याची साधने तासन्‌तास चालू असतात, खिडक्या बंद असतात, मेणबत्त्या व दिव्यांच्या माळा वाढतात आणि मुले दिवसभर घरात असतात. अमेरिकेत मेणबत्त्यांमुळे लागणाऱ्या आगींचे प्रमाण नाताळच्या दिवसांत सर्वाधिक आढळते. पाणी न मिळाल्याने सुकलेले नाताळवृक्ष पेटवून तेथे चाचण्या झाल्या, त्यांत एका मिनिटाच्या आत सगळी खोली पेट घेते असे दिसले. हीटरभोवती सर्व बाजूंनी १ मीटर आणि मेणबत्तीभोवती ३० सेंमी. जागा मोकळी असावी, हा रूढ नियम आहे. मुलाला अंतराचा आकडा सांगून उपयोग होत नाही; जमिनीवर खडूने किंवा रंगीत चिकटपट्टीने रेघ आखली की ती पाळली जाते.

इतिहास : आगीपासून बचाव शिकवण्याची जरुरी बहुतेक वेळा एखाद्या मोठ्या दुर्घटनेनंतरच जाणवली आहे. शिकागोतील ८ ऑक्टोबर १८७१ च्या आगीच्या स्मरणार्थ अमेरिकेत ऑक्टोबरमध्ये अग्निप्रतिबंध सप्ताह पाळतात. १९२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांच्या घोषणेने त्याला राष्ट्रीय रूप आले. त्याच शहरात ३० डिसेंबर १९०३ रोजी, सुट्टीतल्या दुपारच्या खेळाला मुलाबाळांसह आलेल्या प्रेक्षकांनी भरलेले इरोक्वॉय नाट्यगृह पेटले आणि सुमारे ६०० जण दगावले. बाहेर पडण्याची दारे होती, पण काही कुलूपबंद होती, तर काहींच्या कड्या कशा उघडतात हे कोणाला ठाऊक नव्हते. घरातल्या मुलाला दाराची कडी स्वतःच्या हाताने उघडायला लावण्याचा आग्रह याच अनुभवाशी जुळतो. भारतात १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह मुंबई गोदीतील १४ एप्रिल १९४४ च्या स्फोटात कामी आलेल्या जवानांच्या स्मरणार्थ पाळला जातो. हे दोन्ही सप्ताह हिवाळी सुट्टीत पडत नाहीत, त्यामुळे ऐन धोक्याच्या दिवसांतले शिक्षण घरच्या माणसांवरच येते.

धूरसूचक आणि मुलांची झोप : घरगुती धूरसूचक (स्मोक अलार्म) मुख्यतः दोन प्रकारचे असतात. आयनीभवन प्रकारात अमेरिसियम-२४१ या किरणोत्सर्गी द्रव्याच्या अत्यल्प कणामुळे हवेतून सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह वाहतो. धुराचे कण शिरले की तो मंदावतो आणि भोंगा वाजतो. ज्वाळांनी भडकणाऱ्या आगीचे बारीक कण त्याला लवकर कळतात. प्रकाशविकिरण प्रकारात यंत्रातल्या बंद कप्प्यातील प्रकाशकिरणाला धुराचे कण इकडेतिकडे पसरवतात आणि तो प्रकाश संवेदकावर पडतो. गादी किंवा सोफा आतल्या आत धुमसत असेल, तर हा प्रकार सरस ठरतो. कोणता घ्यावा यावर मतभेद आहेत. दोन्ही तत्त्वे एकत्र असलेले यंत्र घ्यावे हे मत अधिक ग्राह्य वाटते. यंत्र निकामी होण्याचे नेहमीचे कारण मात्र तांत्रिक नसून मानवी असते. फोडणीच्या धुराने ते वारंवार वाजते, मग कोणीतरी बॅटरी काढून ठेवतो आणि ती परत बसवायची राहून जाते. शेगडीपासून किमान ३ मीटर अंतरावर बसवल्यास हा त्रास बराच कमी होतो. महिन्यातून एकदा कळ दाबून यंत्र तपासावे आणि दहा वर्षांनी बदलावे.

यापुढचा प्रश्न अधिक वादाचा आहे : यंत्र वाजले तरी मूल उठते का? मानसशास्त्रज्ञ डोरोथी ब्रुक यांनी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६ ते १७ वयोगटातील ८५ टक्के मुले चाचणीच्या दोन रात्रींपैकी निदान एका रात्री भोंग्याने उठली नाहीत. मुलांची गाढ झोप रात्रीच्या पहिल्या एकतृतीयांश भागात सर्वाधिक असते आणि प्रौढांपेक्षा ती अधिक खोल असते. २००६ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात ६ ते १२ वयाच्या २४ मुलांवर केलेल्या चाचणीत नेहमीच्या उंच पट्टीच्या भोंग्याने १४ मुले उठली. आईच्या आवाजात मुलाचे नाव घेऊन ‘ऊठ, खोलीबाहेर पड’ असे सांगणाऱ्या ध्वनिमुद्रणाने २३ उठली. २०१८ च्या १७६ मुलांवरील चाचणीत आईच्या आवाजाने उठलेली मुले मध्यकाच्या (चढत्या क्रमाने लावलेल्या आकड्यांतील मधल्या आकड्याच्या) हिशेबाने अर्ध्या मिनिटाच्या आत खोलीबाहेर आली, तर भोंग्यासाठी हा आकडा २८२ सेकंदांचा होता. यावरून आईच्या आवाजाचीच ही किमया, असा समज पसरला. ब्रुक व सहकाऱ्यांना मात्र परक्या स्त्रीचा आवाज आणि खालच्या पट्टीचा नादही जवळपास तितकाच परिणामकारक आढळला. तेव्हा निर्णायक गोष्ट आवाजाची ओळख नसून त्याची खालची पट्टी असावी, हे स्पष्टीकरण जास्त संभवनीय दिसते. नेहमीचा भोंगा ३,००० हर्ट्‌झच्या (सेकंदाला ३,००० कंपनांच्या) आसपास वाजतो. खालच्या पट्टीच्या यंत्रांसाठी ५२० हर्ट्‌झ ही कंप्रता स्वीकारली गेली आहे. घरापुरता अर्थ सरळ आहे. मूल आपोआप उठेल असे गृहीत धरू नये. कोणत्या मुलाला कोणी उठवायचे हे नावानिशी ठरवावे.

बाहेर पडण्याचा सराव : प्रथम मुलाकडूनच घराचा आराखडा काढून घेतात. प्रत्येक खोलीतून दोन वाटा (एक दार, दुसरी बहुधा खिडकी) दाखवायला सांगतात आणि बाहेर जमायची एक न हलणारी जागा ठरवतात : झाड, फाटक किंवा दिव्याचा खांब. ‘गाडीपाशी’ असे ठरवण्याची चूक नेहमी होते. गाडी नेमकी त्या दिवशी दुसरीकडे असते. इमारतीत लिफ्ट वापरायची नाही, जिनाच, हेही आराखड्यावर लिहून घ्यावे.

धुराचा सराव चादरीने चांगला होतो. दोन मोठी माणसे चादर जमिनीपासून सुमारे ६० सेंमी. उंचीवर ताणून धरतात आणि चादरीला डोके न लावता मूल गुडघ्या-तळव्यांवर रांगत दारापर्यंत जाते. चादर म्हणजे धुराचा थर. गरम धूर छताशी साठून खाली उतरत जातो, म्हणून श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत उरते. अगदी पोटावर सरपटू नये, कारण तळाशी जड विषारी वायू साचतात, असे काही जुन्या पुस्तिका सांगतात. हे कारण फारसे पटत नाही. घातक ठरणारा कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलकाच असतो. सरपटण्याने वेग मंदावतो, हे कारण पुरेसे आहे.

बंद दारापाशी थांबून दाराला खालून वर हाताचा पालथा भाग लावून पाहायचा. तळवा का नाही, असे मुले हटकून विचारतात. रांगताना तळव्याची गरज असते, तो भाजून चालणार नाही, हे उत्तर त्यांना पटते आणि लक्षात राहते. दार गरम असेल तर उघडायचे नाही. फटीत कपडे कोंबायचे, खिडकीशी जाऊन फिकट कापड किंवा टॉर्च हलवायचा. झोपताना खोलीचे दार लोटून घेण्याची सवयही याच दिवसांत लावता येते. बंद दारामुळे धूर व उष्णता बरीच अडते.

सराव आधी दिवसा, सांगून करावा. नंतर संध्याकाळी, दिवे मालवून. भोंग्याची कळ दाबल्यापासून सगळे जमायच्या जागी पोचेपर्यंत घड्याळ लावतात आणि दोन मिनिटांच्या आतले उद्दिष्ट ठेवतात. पहिल्या खेपेला वेळ हमखास जास्त लागतो, तो चपला शोधण्यात आणि खेळणे उचलण्यात. बाहेर आलेल्याने कशासाठीही, पाळीव प्राण्यासाठीसुद्धा, परत आत जायचे नाही. आपत्कालीन क्रमांक बाहेर येऊनच लावायचा. पूर्ण पत्ता मुलाला तोंडपाठ हवा.

लहान मुले आगीत पळण्याऐवजी पलंगाखाली किंवा कपाटात लपतात. मुखवटा आणि श्वसनयंत्र लावलेला अग्निशमन जवानही त्यांना भेसूर वाटतो आणि ती हाकेला ओ देत नाहीत. जवानाचा तसा पोशाख आधी चित्रात दाखवून ठेवला तर ही भीती कमी होते.

शिकवण्याच्या पद्धतीचा अभ्यास अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रसेल जोन्स, ॲलन काझ्डिन आणि हेनी यांनी १९८१ मध्ये केला. नुसते सांगण्यापेक्षा करून दाखवणे, करून घेणे आणि लगेच चूक सुधारणे यांनी मुलांच्या कृतीत स्पष्ट फरक पडला. प्रत्येक पायरीमागचे कारण समजलेल्या मुलांना ती अधिक काळ आठवते, असा या धारेतील पुढच्या कामाचा कल आहे.

‘थांब, आडवा हो, लोळ’ : अंगावरचे कपडे पेटल्यास करायची ही त्रिसूत्री नेमकी कोणी रचली याबद्दल एकवाक्यता नाही. न पळता जमिनीवर लोळावे किंवा सतरंजीत गुंडाळून घ्यावे, हा सल्ला पुष्कळ जुना आहे. मुलांसाठीच्या घोषवाक्याच्या रूपात ती १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतून सर्वत्र पसरली असे सामान्यतः मानतात. पळण्याने ज्वाळांना हवा मिळते. उभे राहिल्यास त्या चेहऱ्याकडे चढतात. म्हणून आडवे होताना दोन्ही हातांनी तोंड झाकायचे. सदऱ्यावर लाल कागदाचा तुकडा हलकेच चिकटवून तो निघेपर्यंत लोळायला लावले, की दोन वळसे पुरत नाहीत हे मुलाला आपसूक कळते.

घोषवाक्य फार यशस्वी झाल्याचा एक तोटाही झाला. ‘आग लागली तर काय करशील?’ या प्रश्नाला पुष्कळ मुले ‘लोळेन’ असे उत्तर देतात. धुराने भरलेल्या खोलीत ते जिवावर बेतेल. म्हणून ‘कपडे पेटले’ आणि ‘खोलीत धूर झाला’ असे दोन प्रसंग चित्रांनी वेगळे करून, उलटसुलट क्रमाने विचारावेत.

आग विझल्यावर भाजलेल्या जागेवर २० मिनिटे वाहते गार पाणी सोडतात. बर्फ, टूथपेस्ट, तूप लावू नये. कातडीला चिकटलेले कापड ओढू नये.

काडेपेटी व लायटर : सापडलेली काडेपेटी उचलून मोठ्यांना आणून दे, असे पूर्वी शिकवत. लहानग्यांसाठी आता ‘हात लावू नकोस, येऊन सांग’ हे अधिक योग्य मानतात. अमेरिकेत १९९४ पासून लायटर मुलांना सहज पेटवता येऊ नये असे बनवणे बंधनकारक आहे. पण त्याच्या चाचणीची अट अशी, की साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या किमान ८५ टक्के मुलांना तो पेटवता येऊ नये. उरलेल्यांना येऊ शकतो. त्यामुळे असा लायटरही वर, कुलपात ठेवावा. सुट्टीत भेट मिळालेली बॅटरीवरची खेळणी गादीवर किंवा उशीखाली चार्ज करू नयेत, कारण तेथे उष्णता बाहेर पडत नाही.

ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी झगझगीत चमकणारा दिवा आणि उशीखाली ठेवायची कंपन-तबकडी जोडलेले धूरसूचक मिळतात. सराव करताना तबकडी त्या मुलाच्या नेहमीच्या उशीखालीच ठेवून पाहावी.