असंपृक्त म्हणजे अपुरी संयुजा नव्हे
असंपृक्त हायड्रोकार्बनमध्ये (कार्बन अणूंमध्ये दुहेरी किंवा तिहेरी बंध असलेल्या, फक्त कार्बन-हायड्रोजनच्या संयुगांमध्ये) कार्बनची संयुजा, म्हणजे बंध जोडण्याची क्षमता, अपुरी राहते, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चूक आहे. इथीन या असंपृक्त हायड्रोकार्बनमधल्या प्रत्येक कार्बनचे चारही बंध पूर्ण असतात: दोन बंध हायड्रोजनशी आणि दोन शेजारच्या एकाच कार्बनशी, म्हणजे दुहेरी बंध. मग उणीव कशाची? हायड्रोजनची. निकेल उत्प्रेरक असताना इथीनचा रेणू आणखी दोन हायड्रोजन अणू सामावून घेतो आणि इथेन बनतो. इथेनमध्ये मात्र जागाच उरलेली नसते.

दुहेरी बंध दुप्पट मजबूत, हाही गैरसमजच. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला दर मोलला सुमारे ३५० किलोज्यूल लागतात, दुहेरीला सुमारे ६१०. म्हणजे दुसरा बंध कमजोर. तोच आधी तुटतो, म्हणून इथीन ब्रोमीनचा तांबूस रंग झटकन घालवतं; असंपृक्तता ओळखायची चाचणी हीच. बेंझीन असंपृक्त असूनही हे सहजी करत नाही, त्यामुळे केवळ या चाचणीवर विसंबू नये.