टाच उठता कामा नये

बूट घ्यायला गेलं की अंगठ्याच्या पुढे दाबून "एक बोट जागा आहे ना?" हे बघायची सवय आपल्याला शाळेच्या बुटांपासून लागलेली असते. स्नोबोर्डचे, म्हणजे बर्फावरून घसरायच्या फळीला बांधायचे, बूट घेताना ही सवय दुकानाबाहेर ठेवावी लागते. इथे अंगठा पुढे टेकलाच पाहिजे.

स्नोबोर्डवर दोन्ही पाय फळीला आडवे बांधलेले असतात आणि हातात काठ्या नसतात. वळायचं ते फळीची एक कड बर्फात रुतवून, कधी चवड्यांकडची, कधी टाचांकडची. चवड्यांकडच्या कडेवर जाताना गुडघे वाकतात, नडग्या बुटाच्या जिभेवर रेलतात, चवडे खाली दाबले जातात आणि नेमकी तेव्हाच टाच वर उठू पाहते. बुटाने ती धरून ठेवली, तर पायाची हालचाल थेट फळीपर्यंत पोचते. नाही धरली, तर आधी बुटातली पोकळी संपते, मग बूट हलतो आणि शेवटी फळी. टाचेपासून चवड्यापर्यंत 19 सेंटिमीटर धरा. टाच 1 सेंटिमीटर उचलली गेली, तर पाऊल सुमारे 3 अंशांनी कलतं आणि फळीला त्याचा पत्ताही नसतो. नवशिक्याला वाटतं आपल्याला जमत नाही. पुष्कळदा त्याचा बूट मोठा असतो.

सैल बुटावर बहुतेक जण एकच उपाय करतात: लेस करकचून आवळायची. त्याने टाच फारशी बसत नाही, दाब मात्र पावलाच्या वरच्या उंचवट्यावर येतो. तिथून पुढच्या भागाला रक्त नेणारी धमनी कातडीच्या अगदी जवळून जाते. बोट ठेवलं तर तिचा ठोका लागतो. ती दाबली गेली की आधी मुंग्या येतात, मग बोटं गार पडतात. मग माणूस मोज्यांचा दुसरा जोड चढवतो आणि दाब आणखी वाढतो. पातळ लोकरी मोज्यांचा एकच जोड या बाबतीत जास्त ऊब देतो.

माप सेंटिमीटरमध्ये घ्यावं. बर्फातल्या बुटांवर 'मोंडोपॉइंट' नावाचं माप छापलेलं असतं आणि ते सरळ पावलाच्या लांबीचं असतं: 26.5 म्हणजे 26.5 सेंटिमीटरचं पाऊल. यात अर्धा नंबर 5 मिलिमीटरचा. युरोपियन नंबराची पायरी 6.67 मिलिमीटरची आणि आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश नंबराची सुमारे 8.5 मिलिमीटरची. एकातून दुसऱ्यात जाताना प्रत्येक वेळी थोडी राउंडिंगची चूक शिरते, म्हणून "मी आठ नंबर घालतो" या माहितीचा फारसा उपयोग नाही. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, टाच भिंतीला लावून उभं राहा आणि कागदावर सर्वांत लांब बोटाशी खूण करा. बसून नको, वजन आलं की तळव्याची कमान खाली बसते आणि पाऊल लांबतं. दोन्ही पावलं मोजा, मोठं धरा.

लांबी जुळली तरी रुंदीचा प्रश्न उरतो, आणि आपल्या लोकांचं गणित बऱ्याचदा तिथेच चुकतं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021-22 मध्ये देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांची पावलं मोजली. भारतीय पाऊल युरोपियन आणि अमेरिकन पावलापेक्षा साधारणपणे रुंद निघालं. अरुंद बूट चवड्याला चावतो, म्हणून आपण एक नंबर वरचा मागतो. चवडा सुटतो, पण टाचही सुटते. अशा वेळी त्याच लांबीचा 'वाइड' बूट मागावा. काही कंपन्या तो बनवतात.

आतला मऊ बूट, म्हणजे लायनर, फोमचा असतो. काही दिवस वापरल्यावर हा फोम दबतो आणि आत जागा होते. दुकानात घरच्या सपातांसारखा मऊ वाटलेला बूट म्हणूनच हंगामाच्या मध्यावर सैल होतो. उष्णतेने पायाच्या आकाराला बसणारे लायनरही मिळतात, पण तेही मोठ्या बुटाला लहान करत नाहीत.

घालून बघताना टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, आधी लायनर आवळा, मग बाहेरची लेस किंवा, लेसऐवजी फिरवून आवळायची चकती असेल तर, ती. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकेच टेकावीत. गुडघे वाकवले की नडगी जिभेला दाबते, पाऊल मागे सरकतं आणि बोटं मोकळी व्हावीत. आता चवड्यांवर उभे राहा. टाच उठली तर बूट परत करा, मग त्याचा रंग कितीही आवडलेला असो. पंधरा-वीस मिनिटं तसेच दुकानात फिरा. सगळीकडून सारखा आवळलेला बूट पुढे सुसह्य होतो. एकाच ठिकाणी टोचणारा किंवा बोटं बधिर करणारा बूट "वापरून सैल होईल" म्हणून घेऊ नये.

गुलमर्गला भाड्याने बूट घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी आहे. तिथला लायनर आधीच अनेकांच्या पायांनी दाबलेला असतो, त्यामुळे तो आणखी सैल होईल एवढंच. आपलं माप सेंटिमीटरमध्ये सांगा, सोबत अर्धा नंबर लहान जोडही मागवा आणि घालण्याआधी आत हात घालून घोट्याभोवतीचा फोम चाचपून बघा. तो चपटा झाला असेल, तर दुसरा जोड मागा.