टीबीच्या जंतूचं कॉम्प्युटर मॉडेल आणि ग्लिसरॉलचा घोळ

टीबीच्या औषधासाठी टार्गेट, म्हणजे जंतूतला जो भाग औषधाने अडवायचा तो, शोधायला जंतूच्या मेटाबॉलिझमचं (खाल्लेल्या पदार्थांवर आत चालणाऱ्या रिॲक्शन्सचं) मॉडेल वापरतात, आणि एकेक जीन बंद करून जंतू वाढतो का ते कॉम्प्युटरवर बघतात, एवढं वाचणाऱ्यांना माहीत असेलच, त्यामुळे फ्लक्स बॅलन्स (कुठल्या रिॲक्शनमधून किती माल वाहतो याचा हिशोब) वगैरे खोलात समजावत नाही. टार्गेटची यादी निघते कशी यावर भरपूर लिहिलं जातं, पण मॉडेलमधल्या जंतूला खायला काय दिलं होतं हे फार कमी लोक विचारतात. मला तरी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच वाटतो.

आधीचा इतिहास थोडक्यात. रिॲक्शन्सचा हिशोब लिनिअर प्रोग्रामिंगने मांडायचे प्रयत्न १९८०च्या दशकातच सुरू झाले होते, पण अख्ख्या जंतूचं मॉडेल करायचं तर जिनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या जीन्सचा नकाशा, हातात पाहिजे. हिमोफिलस या जंतूचा जिनोम १९९५ला आला, त्यावरून पहिलं जिनोमभर मॉडेल १९९९ला झालं, लगेच पुढच्या वर्षी ई. कोलायचं. टीबीच्या एच३७आरव्ही या लॅबमधल्या स्ट्रेनचा (वाणाचा) जिनोम १९९८चा, ४४ लाख बेसपेअर (डीएनएच्या अक्षरजोड्या) आणि जवळपास ४ हजार जीन्स.

तेव्हा वातावरण असं होतं की जिनोम मिळाला म्हणजे टार्गेट मिळालं आणि टार्गेट मिळालं की औषध येणारच. आयसोनियाझिड १९५२पासून वापरात होतं आणि ते नक्की कुठे लागतं, म्हणजे जंतूचं इन्हए नावाचं एन्झाइम, हे कळायला १९९४ उजाडलं, तर आता उलटं जाऊ, आधी टार्गेट मग गोळी. ती आशा फार टिकली नाही. एका मोठ्या औषध कंपनीने १९९५ ते २००१ या काळात वेगवेगळ्या जंतूंच्या टार्गेट्सवर जवळपास ७० स्क्रीनिंग (ढीगभर रसायनं टाकून कुठलं लागू पडतं ते बघणं) केली आणि त्यातून पुढे नेण्यासारखी रसायनं फक्त ५ टार्गेट्सवर मिळाली, हे त्यांनीच २००७ला छापलं. म्हणजे कुठल्या टार्गेटवर पैसे लावायचे हे आधी गाळून घेणं गरजेचं झालं, आणि मॉडेलवाल्यांना खरा वाव मिळाला तो इथे.

टीबीपुरतं बोलायचं तर २००५ला बंगळुरूच्या एका गटाने जंतूच्या कवचातलं मायकोलिक ॲसिड बनतं तेवढाच रस्ता घेतला, २१९ रिॲक्शन्स, २८ प्रोटीन्स, आणि त्यातून टार्गेट्स सुचवली. मग २००७ला एकाच वर्षी दोन जिनोमभर मॉडेल आली, एक सॅन डिएगोचं ६६१ जीन्सचं आणि दुसरं इंग्लंडमधल्या सरेचं ७२६ जीन्सचं. सरेवाल्या मॉडेलचा कुठला जीन अत्यावश्यक (तो नसेल तर जंतू वाढत नाही) आणि कुठला नाही हा अंदाज प्रयोगाशी ७८ टक्के जुळला. हा आकडा नंतर खूप मिरवला गेला, पण तो जुळला कशाशी हे बघायला पाहिजे.

जुळवणी झाली २००३च्या प्रयोगाशी. त्यात जंतूचे हजारो म्युटंट (एकेक जीन बिघडवलेले जंतू) बनवून ते लॅबमधल्या प्लेटवर वाढवले होते आणि जे वाढले नाहीत त्यांचे बिघडलेले जीन्स अत्यावश्यक धरले होते. प्लेटमध्ये ग्लिसरॉल असतं, कारण टीबीचा जंतू त्यावर चांगला वाढतो आणि टीबीच्या लॅबमध्ये ते १९व्या शतकापासून चालत आलंय. मॉडेललाही तेच ग्लिसरॉल दिलं. मग मॉडेल आणि प्रयोग जुळणारच ना, दोघांच्या ताटात एकच पदार्थ होता! पण फुप्फुसातल्या मॅक्रोफेजमध्ये (जंतू गिळणाऱ्या आपल्या पेशीत) बसलेला जंतू ग्लिसरॉलवर जगत नाही. फॅटी ॲसिडवर जगायला लागणारं आयसोसिट्रेट लायेज हे एन्झाइम नसेल तर उंदरात तो टिकत नाही हे २०००ला दिसलं होतं, आणि २००८ला कळलं की तो आपल्या शरीरातलं कोलेस्टेरॉल खातो. कोलेस्टेरॉलचं नंतर कळलं तरी फॅटी ॲसिडचं आधीच माहीत होतं, म्हणजे मॉडेल बांधणाऱ्यांना पर्याय नव्हता असं नाही. ग्लिसरॉल घेतलं कारण त्याचे आकडे मोजता येत होते, आणि त्यांची ती अडचण मी समजू शकतो, पण त्या यादीला टीबीची टार्गेट्स म्हणून पुढे पाठवणं मला पटत नाही.

त्याचा फटका काय बसतो ते २०१०ला फार स्पष्ट दिसलं. एका गटाला स्क्रीनिंगमध्ये काही रसायनं सापडली, लॅबमध्ये जंतू झकास मरत होते, उंदराला दिली तर काहीच फरक नाही. शोधल्यावर कळलं की या रसायनांमुळे जंतूत ग्लिसरॉल फॉस्फेट साठतं आणि एटीपी (पेशीचं इंधन) घसरतो, म्हणजे जंतू मरत होता तो ग्लिसरॉल खात होता म्हणून, आणि उंदरात तो ते खातच नव्हता. ग्लिसरॉल पचवायला लागणारा जीएलपीके जीन काढून टाकला तरी उंदरातली लागण तशीच राहिली. पुढे २०११ला म्युटंटचा प्रयोग ग्लिसरॉल आणि कोलेस्टेरॉल दोन्हीवर करून बघितला तर अत्यावश्यक जीन्सच्या याद्या वेगळ्या निघाल्या. आणि २०१९ला तर पेशंटमधून आलेल्या जंतूंमध्ये जीएलपीके बिघडलेला सापडला, आणि असे जंतू औषधांना जास्त दाद देत नाहीत. ग्लिसरॉलच्या प्लेटवर जे टार्गेट म्हणून दिसलं असतं त्याच्यावर वार केला तर जंतू उलट चिवट होतो, याहून मोठा पुरावा कुठला हवा.

मॉडेलवालेही गप्प बसले नाहीत हे सांगायलाच हवं. २०१०ला एका गटाने जंतूचं मॉडेल मॅक्रोफेजच्या मॉडेलच्या आत बसवलं, दुसऱ्याने शरीरातल्या परिस्थितीसाठी मीडियम (जंतूला दिलेलं खाणं) आणि बायोमासचं समीकरण (वाढायला जंतूला काय काय किती बनवावं लागतं त्याची यादी) दोन्ही बदलली. २०१३ला कार्बन-१३ (माग काढता येणारा जड कार्बन) वापरून मोजलं तेव्हा मॅक्रोफेजमधला जंतू अमिनो ॲसिडसुद्धा ओढून घेतो हे दिसलं. आपल्याकडच्या सरकारी ओपन सोर्स प्रकल्पात विद्यार्थ्यांनी जीन्सची माहिती परत वाचून काढली आणि त्यावरून २०१४ला ८९० जीन्सचं मॉडेल आलं, या कामाचं कौतुक व्हायला हवं तेवढं झालं नाही. २०१८ला जुनी मॉडेल एकत्र करून १०११ जीन्सचं एक झालं, आता बरेच जण तेच घेतात.

औषधांच्या बाजूला बेडाक्विलिन, डेलामॅनिड, प्रेटोमॅनिड ही टीबीची तिन्ही नवी औषधं अख्ख्या जंतूवर रसायनं टाकून बघण्याच्या जुन्या पद्धतीनेच आली, बेडाक्विलिन एटीपी सिंथेजला (एटीपी बनवणाऱ्या एन्झाइमला) धरतं हेही रसायन हाती आल्यावर कळलं. मॉडेलच्या यादीवरून सुरू होऊन पेशंटपर्यंत पोचलेली टीबीची गोळी अजून नाही. त्यामुळे नवीन टार्गेट-यादी छापून आली की मी आधी मीडियमचा तक्ता उघडतो, आणि त्यात नुसतं ग्लिसरॉल-ग्लुकोज असेल, कोलेस्टेरॉल नसेल, तर यादीतली नावं पुढे वाचत नाही.