कंपवातातील हालचालदोष आणि मेंदूलहरींचे मापन

कंपवात म्हणजेच पार्किन्सन रोग झालेल्या व्यक्तीच्या मेंदूतील विद्युत लहरी नोंदवून, त्यांवरून तिच्या हालचालींतील मंदपणा, ताठरपणा आणि चालीतील अडथळा यांचा अंदाज घेण्याची ही पद्धत आहे. नोंद दोन ठिकाणांहून घेता येते : डोक्याच्या त्वचेवर विद्युत अग्रे चिकटवून केलेल्या ईईजीतून, किंवा शस्त्रक्रियेने मेंदूच्या आत बसवलेल्या तारेतून. या दोन नोंदींच्या विश्वासार्हतेत मोठा फरक आहे.

जेम्स पार्किन्सन या इंग्लिश वैद्याने 1817 मध्ये या रोगाचे वर्णन केले, आणि आजही त्याचे निदान प्रामुख्याने डॉक्टरच्या नजरेवर व हातावर अवलंबून आहे. मध्यमस्तिष्कातील सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या डोपामीन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. हालचालींची जुळवाजुळव करणाऱ्या बेसल गँग्लिया या केंद्रसमूहाला डोपामीन कमी पडते आणि लक्षणे दिसू लागतात. मुंबईतील पारशी वसाहतींमध्ये घरोघर जाऊन केलेली आणि 1988 मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी जगभर उद्धृत केली जाते. सुमारे 14,000 लोकांच्या त्या पाहणीत दर लाखामागे 328 रुग्ण आढळले होते. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण जास्त असल्याने हा आकडा साऱ्या शहराला लावता येत नाही. त्या पाहणीतही रुग्ण ओळखले गेले ते तपासणीनेच. अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायला सांगणे, मनगट हलवून ताठरपणा पाहणे, खुर्चीतून उठून चालायला लावणे आणि प्रत्येक गोष्टीला शून्य ते चार असे गुण देणे, ही तपासणीची प्रचलित रीत आहे. तिची मोठी अडचण अशी, की डोपामीनची उणीव भरून काढणाऱ्या लेव्होडोपा या औषधाच्या गोळीचा अंमल चढतो आणि उतरतो. डोंबिवलीहून लोकलने परळच्या बाह्यरुग्ण विभागात आलेला रुग्ण डॉक्टरांसमोर काही मिनिटे असतो. त्या वेळी तो ‘ऑन’, म्हणजे औषधाच्या अमलाखाली, असला तर घरातले ‘ऑफ’चे, म्हणजे अंमल उतरल्यानंतरचे, तास कोणाला दिसतच नाहीत. हे न दिसणारे तास मोजता यावेत, ही या मापनामागची खरी प्रेरणा आहे.

माणसाच्या मेंदूतील लहरींची पहिली नोंद हान्स बर्गर या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने 1924 मध्ये घेतली आणि 1929 मध्ये प्रसिद्ध केली. सेकंदाला साधारण 13 ते 30 वेळा होणाऱ्या आंदोलनांना बीटा लहरी म्हणतात. हर्बर्ट जॅस्पर आणि वाइल्डर पेनफील्ड यांनी 1949 मध्ये, शस्त्रक्रियेत उघड्या झालेल्या मेंदूवरून नोंदी घेताना, दाखवून दिले की हात हलवण्याच्या वेळी प्रेरक बाह्यकातील, म्हणजे हालचाली घडवणाऱ्या मेंदूच्या वरच्या थरातील, बीटा लहरी दबतात. हालचाल संपल्यावर त्या पुन्हा उसळतात. म्हणजे निरोगी मेंदूत बीटा हे ‘आहे तीच स्थिती राखा’ अशा अवस्थेचे लक्षण दिसते, आणि हालचाल सुरू व्हायची तर ते विरावे लागते. लहर मोठी दिसणे म्हणजे पेशींचे काम वाढणेच असे नाही. त्या एका वेळी काम करतात, एवढेच त्यातून कळते. गिरगावातल्या ढोलपथकाचे सगळे टोले एकदम पडले तर आवाज चार गल्ल्या पलीकडे पोचतो, आणि ज्याने त्याने आपला ठेका धरला तर तेवढ्याच ढोलांचा नुसता गलका उरतो.

कंपवातात ही एकतालता सुटता सुटत नाही, हे कळले ते डीबीएसमुळे (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे खोल मेंदूचे विद्युत उद्दीपन). खोल मेंदूत तार बसवून सेकंदाला सुमारे 130 स्पंदने देण्याचा हा उपचार ग्रनोब्ल येथील आलिम-लुई बेनाबीद यांच्या गटाने 1987 पासून रूढ केला. तार बसवल्यावर, ही स्पंदने देणारे छातीतले यंत्र म्हणजे उद्दीपक जोडण्यापूर्वी, काही दिवस तिची टोके बाहेर ठेवली, तर त्याच तारेतून बेसल गँग्लियातील सबथॅलॅमिक न्यूक्लियस या भागातील विद्युत क्षेत्र नोंदवता येते. पीटर ब्राउन आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये अशा नोंदींतून दाखवले, की औषध थांबवलेल्या अवस्थेत सबथॅलॅमिक न्यूक्लियस आणि बेसल गँग्लियातलाच पॅलिडम हा भाग यांच्यातील आंदोलने 30 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 30 आंदोलनांच्या, खाली एकमेकांशी जखडलेली असतात, आणि लेव्होडोपा दिल्यावर ती जखडण सैल होऊन सुमारे 70 हर्ट्झचा वेगवान ताल पुढे येतो. आंद्रेया क्यून आणि सहकाऱ्यांच्या 2006 मधील अभ्यासात याला मोजमाप मिळाले : औषधाने बीटासह मंद लहरींची शक्ती, म्हणजे जोर, ज्या रुग्णात जितकी जास्त घटली, तितके त्याचे मंदपण आणि ताठरपणा सुधारलेले आढळले. डीबीएस सुरू असतानाही बीटा दबते आणि उद्दीपन थांबवल्यावर परत येते. औषध आणि उद्दीपन हे दोन अगदी वेगळे उपचार एकाच खुणेवर परिणाम करतात, हा या दर्शकाच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मानावा लागेल. बीटा हे रोगाचे कारण आहे की केवळ त्याची सावली, हा प्रश्न मात्र त्याने निकाली निघत नाही.

कंपाशी मात्र या खुणेचे नाते जुळत नाही. हाताचा कंप सेकंदाला चार ते सहा वेळा होतो, त्याच्याशी संबंधित आंदोलनेही त्याच गतीच्या पट्ट्यात आणि त्याच्या दुपटीवर सापडतात, आणि बीटाच्या शक्तीवरून कंपाची तीव्रता सांगता येत नाही. शेजारीपाजारी ज्या लक्षणावरून रोग ओळखतात, नेमक्या त्याच लक्षणाबाबत ही खूण मुकी आहे. बीटाचा पट्टाही एकसंध नाही. 13 ते 20 हर्ट्झचा खालचा भाग लेव्होडोपाला अधिक प्रतिसाद देतो. शिवाय बीटा सलग वाहत नसून झटक्यांनी येते, आणि लक्षणांशी नाते असते ते लांब टिकणाऱ्या झटक्यांचे. उलट टोकाला, औषधाने अंग अनैच्छिक वळवळू लागते तेव्हा 60 ते 90 हर्ट्झच्या दरम्यान एक अरुंद, टोकदार गॅमा लहर दिसू शकते.

डोक्याच्या त्वचेवरून हे सारे इतके स्वच्छ दिसत नाही. बेसल गँग्लिया खोल आहेत; त्यांचे क्षीण क्षेत्र कवटीबाहेर जवळजवळ पोचत नाही, आणि ईईजीत दिसतो तो मुख्यतः बाह्यक. त्यात कपाळाच्या व मानेच्या स्नायूंचे विद्युत संकेत मिसळतात आणि ते नेमके बीटाच्या पट्ट्यातच सांडतात; ताठर मानेच्या रुग्णात तर ही भेसळ अधिकच. त्यामुळे कंपवातात ईईजीतील बीटाची शक्ती वाढते की घटते, याविषयी अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. कोराली द हेंप्टिन आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये मेंदूच्या पृष्ठभागावरील नोंदींतून शक्तीऐवजी लहरींचे परस्परसंबंध तपासले, तेव्हा बीटाच्या विशिष्ट टप्प्यावर वेगवान लहरींचा जोर वाढत असल्याचे प्रेरक बाह्यकात स्पष्ट दिसले. डीबीएसने हे बंधन सैल होते, हे त्यांनी नंतर दाखवले. लहरीच्या शिखराचा टोकदारपणा हीदेखील अशीच एक खूण आहे. संपूर्ण ईईजी मंदावणे ही मात्र वेगळी बाब आहे : तिचा संबंध हालचालींपेक्षा बुद्धी व स्मृतीच्या ऱ्हासाशी अधिक आहे.

मुंबईत पालिकेच्या केईएम, सायन, नायर यांसारख्या मोठ्या रुग्णालयांत ईईजी होतो तो मुख्यतः अपस्मारासाठी. कंपवाताच्या निदानासाठी तो करण्याची रीत नाही, आणि वरील मर्यादा पाहता ते योग्यच आहे. लहरींचा प्रत्यक्ष उपयोग आज डीबीएस झालेल्या मोजक्या रुग्णांपुरता आहे. हा उपचार जसलोकसारख्या रुग्णालयांत होत असला, तरी खर्च लाखांत जातो. उद्दीपन करता करताच लहरी नोंदवणारा पर्सेप्ट हा उद्दीपक 2020 मध्ये युरोप आणि अमेरिकेत मान्य झाला. त्याहीपूर्वी, 2013 मध्ये, सायमन लिटल आणि सहकाऱ्यांनी आठ रुग्णांवर दाखवले होते, की बीटा वाढेल तेव्हाच उद्दीपन दिले तर उद्दीपनाचा काळ 56 टक्क्यांनी घटतो आणि तरीही सुधारणा नेहमीच्या अखंड उद्दीपनापेक्षा अधिक मिळते. अशा जुळवून घेणाऱ्या डीबीएसला अमेरिकेत 2025 मध्ये मान्यता मिळाली.

नोंद वाचताना काही पथ्ये पाळावी लागतात. तार बसवल्याने झालेल्या सूक्ष्म इजेमुळे पहिले काही आठवडे बीटा कमीच दिसते, म्हणून पातळी ठरवण्याची घाई करू नये. यंत्र छातीच्या डाव्या बाजूला असेल तर हृदयाचे ठोके नोंदीत उतरण्याची शक्यता वाढते. गाढ झोपेत बीटा खाली जाते. तेव्हा रात्रीचा आकडा दिवसाशी ताडून ‘रुग्ण बरा आहे’ असे म्हणता येत नाही. काही रुग्णांत बीटाचे ठळक शिखर सापडतच नाही, आणि अशांचे उद्दीपन जुन्या पद्धतीने, लक्षणे पाहून आणि घरच्यांना विचारूनच बेतावे लागते.