दहा अमिनो आम्लांचे औषध

प्रोस्टेटचा कर्करोग ग्रंथीची सीमा ओलांडून हाडांत पोहोचला की शस्त्रक्रियेने तो समूळ काढणे शक्य राहत नाही. या पेशींची वाढ मुख्यतः टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून असते, हे शिकागोचे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले आणि त्यासाठी १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. तेव्हा हाती असलेला खात्रीचा उपाय म्हणजे वृषणे काढून टाकणे. शस्त्रक्रियेविना तोच परिणाम साधायचा, तर वृषणांना आदेश देणाऱ्या यंत्रणेतच हस्तक्षेप करायला हवा होता.

त्या आदेशाचा उगम मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये आहे. तेथून स्रवणारे जीएनआरएच हे संप्रेरक पिट्युटरी ग्रंथीला चालना देते आणि पिट्युटरीचे संप्रेरक वृषणांना टेस्टोस्टेरॉन तयार करायला लावते. अँड्र्यू शॅली यांच्या गटाने लाखाहून अधिक डुकरांच्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच वेगळे करून १९७१ मध्ये त्याची रचना उलगडली. अवघ्या दहा अमिनो आम्लांची ही साखळी रक्तात काही मिनिटांतच तुटते, आणि पेप्टाइडचे, म्हणजे अमिनो आम्लांच्या अशा छोट्या साखळीचे, औषध करू पाहणाऱ्या प्रत्येकाला प्रथम याच अडचणीशी झगडावे लागते.

साखळी नेमकी कुठे तुटते हे कळल्यावर दुरुस्तीची जागाही सापडली. सहाव्या स्थानावरच्या ग्लायसिनऐवजी ल्युसिनचे आरशातील प्रतिमेसारखे रूप बसवले, जे विकरांना सहज कापता येत नाही, आणि शेवटचे ग्लायसिन काढून तेथे छोटा एथिलअमाइड गट जोडला, की ल्युप्रोलाइड तयार होते. अमेरिकेत १९८५ मध्ये त्याला मान्यता मिळाली. रोजच्या इंजेक्शनचा जाच मात्र १९८९ मध्ये संपला, तो औषध हळूहळू विरघळणाऱ्या बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) सूक्ष्म कणांत भरून महिन्यातून एकदा टोचण्याची सोय झाल्यावर. माझ्या मते या औषधाच्या यशात रेणूइतकाच वाटा या कणांचा आहे.

ल्युप्रोलाइड मूळ संप्रेरकाची नक्कल करते. सततच्या उत्तेजनाने पिट्युटरी अखेर प्रतिसाद देईनाशी होते, पण त्याआधी काही दिवस टेस्टोस्टेरॉन उलट वाढते. मणक्यात गाठी असलेल्या रुग्णात ही वाढ मज्जारज्जूवर दाब आणू शकते, म्हणून सुरुवातीला टेस्टोस्टेरॉनचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्याही द्याव्या लागतात.

त्यामुळे पिट्युटरीच्या ग्राहीवर, म्हणजे जीएनआरएच जिथे येऊन चिकटते त्या जागेवर, बसून तिला अजिबात चालना न देणारे पेप्टाइड हवे होते. अशा सुरुवातीच्या रेणूंनी शरीरातील मास्ट पेशींमधून हिस्टामिन हे ॲलर्जीची लक्षणे घडवणारे रसायन सुटत असे. ॲबेरेलिक्सला अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली खरी, परंतु रक्तदाब कोसळवणाऱ्या ॲलर्जीच्या धोक्यामुळे ते निवडक रुग्णांपुरतेच राहिले. फेरिंग कंपनीच्या डेगारेलिक्समध्ये दहापैकी सात अमिनो आम्ले निसर्गात न आढळणाऱ्या प्रकारची आहेत आणि हिस्टामिन सोडवण्याची त्याची क्षमता बरीच कमी आहे. त्याला वेगळे सूक्ष्म कणही लागत नाहीत, कारण त्वचेखाली टोचताच त्याचे रेणू एकमेकांना चिकटून जेल बनते आणि त्यातून औषध हळूहळू झिरपते. एका वर्षाच्या, ६१० रुग्णांच्या चाचणीत तिसऱ्या दिवशी डेगारेलिक्स घेणाऱ्या सुमारे ९६ टक्के रुग्णांचे टेस्टोस्टेरॉन अपेक्षित पातळीखाली गेले होते, तर ल्युप्रोलाइड घेणाऱ्यांपैकी त्या दिवशी एकाचेही नाही. डिसेंबर २००८ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

ज्या जेलमुळे औषध टिकते, तेच टोचलेल्या जागी त्रासही देते: याच चाचणीत डेगारेलिक्सच्या सुमारे ४० टक्के रुग्णांना तेथे दुखणे किंवा लाली जाणवली, ल्युप्रोलाइडच्या एक टक्क्यालाही नाही. पहिल्या मात्रेत २४० मिलिग्रॅम दोन इंजेक्शनांत विभागून द्यावे लागते आणि पुढे दरमहा ८० मिलिग्रॅम. दर तीन किंवा सहा महिन्यांनी घ्यायची ल्युप्रोलाइडची इंजेक्शने उपलब्ध असताना ही दरमहाची फेरी रुग्णाला जड वाटणे स्वाभाविक आहे. रेलुगोलिक्स ही २०२० मध्ये मान्यता मिळालेली गोळी त्याच ग्राहीला रोखते, पण ती पेप्टाइड नाही आणि रोज न चुकता घ्यावी लागते.