चित्र-पासवर्ड: दहा पिक्सेलची सूट आणि तिचा घोळ

फोटोतल्या ठरलेल्या जागांवर क्रमाने बोट ठेवून लॉगिन करायचं, या कल्पनेला अमेरिकेत १९९६ मध्ये पेटंट मिळालं. १९९९ मध्ये जाळीवर रेघोट्या ओढायची पद्धत आली. चेहरे निवडायच्या पद्धतीचं गणितच लंगडं: नवांतून एक, चार वेळा, म्हणजे ६,५६१ शक्यता. चार आकडी पिन परवडला.

घोळ झाला तो २००५ च्या, फोटोवर पाच जागी क्लिक करायच्या पद्धतीत. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचा ४५१ × ३३१ पिक्सेलचा फोटो घ्या. दिंडीच्या, म्हणजे मोठ्या दारातल्या लहान दाराच्या, कोपऱ्यावर कितीही नेम धरला तरी उद्या क्लिक चार-पाच पिक्सेल सरकणारच. चहूबाजूंनी दहा पिक्सेलची सूट दिली, तर फोटोवरच्या जाळीत २० × २० ची सुमारे ३७३ घरं होतात आणि पाच क्लिकना सात लाख कोटींवर शक्यता. पण साठवायचा असतो हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड परत काढता येत नाही असा आकडा, आणि हॅशला ‘जवळपास’ कळत नाही. म्हणून क्लिकचा नव्हे, घराचा हॅश करायचा. मूळ क्लिक घराच्या कडेला पडला असेल, तर उद्याचा शेजारच्या घरात जातो आणि बरोबर माणूस बाहेर राहतो.

यावर तिरप्या सरकवलेल्या तीन जाळ्यांचा तोडगा निघाला. कुठलाही बिंदू निदान एका जाळीत कडेपासून दहा पिक्सेल आत राहतो. त्यासाठी घर मात्र ६० × ६० चं लागतं. घरं उरतात ४१, शक्यता साडेअकरा कोटी. वर एका बाजूला दहाच्या पुढे नकार, तर दुसरीकडे पन्नासपर्यंतही होकार! २००८ ची दुरुस्ती सरळ आहे: क्लिकच घराचा मध्य धरायचा, जाळी किती सरकवली तो आकडा हॅशशेजारी उघडा ठेवायचा. त्या आकड्यावरून चोराला थोडा सुगावा लागतो खरा, तरी हीच पद्धत घ्यावी. पुण्यात शेवटच्या वर्षाला हा प्रोजेक्ट करणाऱ्यांनी क्लिकचे कोऑर्डिनेट (फोटोतल्या जागेचे आकडे) तसेच डेटाबेसमध्ये टाकून अंतर मोजू नये. डेमो झकास होतो, पण डेटाबेस फुटला की सगळे पासवर्ड उघडे.

जाळी कोणतीही असो, लोक दिंडी आणि बुरुजांची टोकंच निवडतात. दारावरच्या खिळ्यांवर कोणी गेलाच, तर कितवा खिळा ते आठवत नाही.

घरोघरी पोचला तो फोनवरचा नऊ ठिपक्यांचा पॅटर्न. किमान चार ठिपके, वाटेतला ठिपका आधी घेतल्याशिवाय ओलांडायचा नाही, शक्यता ३,८९,११२. प्रत्यक्षात सुरुवात बहुधा वरच्या डाव्या कोपऱ्यातून. शिवाय स्क्रीन तिरपा धरला की बोटाच्या तेलकट मागाचा फोटो निघतो, हे २०१० मध्ये दाखवलं गेलं. मग रेघ कुठल्या टोकाने सुरू झाली, एवढंच ताडायचं उरतं.